आणखी एक विचारू का

मंगळवारी संध्याकाळी कुशिरोच्या बंदरावर
धुकं इतकं असतं की क्रेनचे फक्त दिवे दिसतात.
मासेमारी सोसायटीच्या वरच्या मजल्यावर
आम्ही नऊ जण इंग्रजी बोलायला जमतो.
जिन्याला माशांचा वास, हीटरला रॉकेलचा.

ब्रोना बाई आयर्लंडच्या. त्या पिशवीतून
आझुकीचे लाल दाणे काढतात,
प्रत्येकाला तीन, आणि चहाचा एक रिकामा पेला.
समोरच्यानं उत्तर दिलं की थांबायचं नाही,
उत्तराचं शेपूट धरून पुढचं विचारायचं,
विचारलं की दाणा पेल्यात.

पण हळू, म्हणतात बाई.
दार ढकलू नका, कडी वाजवा.
मग फळ्यावर कडी वाजवायच्या तऱ्हा:
इफ यू डोन्ट माइंड...
आय वॉज वंडरिंग...
वॉज का, मी विचारलं, वाटतंय तर आत्ता ना?
हो, म्हणाल्या, पण इच्छा जरा काल-परवात नेऊन ठेवली
की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते.
मी वहीत लिहिलं: भूतकाळ म्हणजे अंगण.

आमच्याकडे प्रश्न गिळणं हीच रीत.
कुणी म्हणालं, बहीण गेली, तर आपण मान लववतो.
कुठली, केव्हा, कशानं,
ते सगळं घरी नेतो
आणि जन्मभर जपतो.

त्या मंगळवारी कुरामोची आजोबांचा जोडीदार आला नाही,
त्याचा ट्रॉलर अजून बाहेरच होता.
बाईंनी त्यांना बसवलं
त्यांच्याच बायकोसमोर.
आम्ही हसलो. एक्केचाळीस वर्षांनंतर
काय उरलं असेल विचारायचं?

आजोबांनी चष्मा वर करून पुस्तकातलं वाचलं:
लहानपणी तुम्हाला काय आवडायचं?
पोहणं, म्हणाल्या सेत्सुयो आजी.
आजोबा थबकले.
त्यांनी तिला घोट्याच्या वर पाण्यात
कधी पाहिलंच नव्हतं.
एक दाणा उचलला.
इफ यू डोन्ट माइंड, कुठे?
नेमुरोला. ऑगस्टमध्ये. पहाटे.
दुसरा दाणा.
मे आय आस्क, कुणाबरोबर?

हीटर टकटकला.
आम्ही पुस्तकात नाकं खुपसून बसलो होतो,
कान मात्र सगळे त्या एका टेबलावर.

आजींना शब्द सापडेनात.
जपानीत सहज सापडले असते,
पण जपानीत हे कुणी विचारलंच नसतं.
ब्रदर, म्हणाल्या शेवटी. ही इज...
मग फळ्याकडे पाहिलं,
आणि सावकाश, शाळेतल्या मुलीसारखी चूक सुधारली:
ही वॉज.

आजोबांना ठाऊक होतं ते इतकंच
की तिच्या माहेरच्या देव्हाऱ्यात एका मुलाचा फोटो आहे,
कान जरा पुढे आलेला.
दर उन्हाळ्यात त्याच्यापुढे त्यांनी उदबत्ती लावली होती
आणि मान लववली होती.

तिसरा दाणा चिमटीत.
पेल्यावर हात, पण दाणा पडेना.
यू कॅन आस्क, म्हणाल्या आजी.
टेबलाकडे बघत म्हणाल्या.
तेवढ्यात बाईंनी टाळी वाजवली, वेळ संपली,
आणि मला आयुष्यात प्रथमच
एका शिक्षिकेचा राग आला.

पेले धुवायची पाळी माझी होती.
दाणे मोजून परत पिशवीत भरायचे असतात,
नऊ त्रिक सत्तावीस.
सव्वीस भरले. टेबलाखाली पाहिलं,
खुर्च्या हलवल्या, हीटरमागे पाहिलं.
राहू दे, म्हणाल्या ब्रोना बाई.

खिडकी पुसली तर साडेआठची बस निघून गेलेली,
तरी स्टॉपवर दोन कोट उभे,
त्यातला उंच कोट जरासा वाकलेला.
काय चाललं होतं, ऐकू येण्यासारखं नव्हतं.
कुठल्या भाषेत, तेही नाही.