मात्रेचा फरक

पॉलिसीवर यल्लप्पा,
मृत्यूच्या दाखल्यावर येल्लप्पा.
एका मात्रेपायी फाईल
मार्चपासून माझ्या टेबलावर,
वर पेपरवेट, पंखा पाचवर.

नरसम्मा कोडम विडी घरकुलातून
दोन रिक्षा बदलून येते.
बोटांना तंबाखूचा वास,
अंगठ्याला आमचीच शाई.
"यातलं खरं कुठलं, मावशी?"
ती पदर सावरते.
"चाळीस वर्षांत म्या नाव कधी घेतलंच नाही बघा, साहेब.
'ऐकलं का' म्हटलं
की माग थांबायचा."

हेड ऑफिस म्हणतं, प्रतिज्ञापत्र आणा.
मी तिला समजावतो, हळू, दोनदा.

साडेसहाला, सात रस्त्याच्या सिग्नलला,
हेल्मेटच्या आत
मी दोन्ही नावं म्हणून पाहिली.

एकालाही कुणी ओ दिली नाही.