थाप

बावीस वर्षं मी पंप विकले.
पाण्याचे, तेलाचे, चिखल उपसायचे.
एकाही विहिरीत न उतरता
तिच्या खोलीबद्दल छातीठोक बोलायचो.
धंद्यात त्याला अनुभव म्हणतात.
घरी बायको थापा म्हणते.

तिबिलिसीचं प्रदर्शन उरकलं, दोन दिवस हातात उरले,
म्हणून मामुकाच्या व्हॅनमध्ये बसलो.
काखेतीच्या रस्त्यावर, द्राक्षांच्या ट्रॅक्टरमागे
गाडीखाली काहीतरी मोडलं.
मी मामुकाला इंजिनाबद्दल सल्ले दिले,
त्याने ऐकून घेतले, सिगरेट संपेपर्यंत.
मोडला होता ॲक्सल.

जवळच्या घरात रात्रीपुरती जागा मिळाली.
नाझिब्रोला, सत्तरीची, डोक्याला घट्ट रुमाल.
मी तिला आजी म्हणालो.
तिला वाटलं, हे माझं नाव.
मग सगळं घर मला आजी म्हणू लागलं,
तिचा नातू वाझासुद्धा, गंभीर चेहऱ्यानं.

पहाटे तिनं मला उठवलं.
सून बाळंतपणाला तेलावीच्या दवाखान्यात,
द्राक्षं तोडायला तीस माणसं येणार,
आणि दुसरे रिकामे हात घरात नव्हते.
आजी, चल.

छपराखाली, रांजण पुरावा तशी मातीची भट्टी.
तळाशी द्राक्षवेलीच्या काटक्या जळून लाल.
भिंत काजळून काळी, मग हळूहळू पांढरी.
थर्मामीटर कुठाय, मी खुणेनं विचारलं.
तिनं माझं मनगट धरून भट्टीच्या तोंडावर नेलं.
हाच.

मिठाचं पाणी भिंतीवर शिंपडलं, चर्र झालं.
कणीक ओढून तिनं होडीसारखी लांब केली
आणि कमरेपासून आत गेली,
एक पाय हवेत, चप्पल अंगठ्याला लटकलेली.
आतून आवाज आला: थप.
बाहेर आली ती केसांतला घाम पुसत,
जणू शेजारी डोकावून आली.

माझी पहिली रोटी राखेत पडली.
दुसरीही.
मी भीत भीत वाकत होतो,
आणि रेंगाळणाऱ्याला आग बरोबर ओळखते.
तिसरीला धीर करून मारली, ती वाझाच्या हातात घडी होऊन आली.
नु गेशिनिया, म्हातारी ओरडली. भिऊ नकोस.
वाझाने मला मागून पट्ट्याला धरलं.
मी श्वास कोंडला,
डोळे मिटले, गेलो.

थप.

चिकटली.
कुणालाही काही पटवून न देता चिकटली.

आई भाकरी थापायची तेव्हा
मी पाटावरून हाक द्यायचो, गरम आण गं.
तो आवाज रोज माझ्या कानावर पडायचा.
त्यात खांदा किती लागतो,
हे कळायला मला कॉकेशसपर्यंत यावं लागलं,
आणि आता सांगायला ती नाही.

सकाळभरात एकवीस लावल्या. सात पडल्या.
पडलेल्यांची राख झटकून तिनं माझ्यापुढे ठेवल्या,
चीज, टोमॅटो, वर मूठभर तुळशीसारखी पानं.
ज्याच्या पडल्या, त्यानं खायच्या.
दातांत करकर आली.
तरी चारपर्यंत मी पोचलो.

संध्याकाळी सांगलीहून फोन.
एकशेदहा फुटांवर हा पंप ओढेल ना हो?
जीभ सवयीनं वर गेली.
माहीत नाही, मी म्हणालो. आल्यावर उतरून बघू.
पलीकडे इतकी शांतता
की मला वाटलं, फोन कटला.

विमानतळावर अधिकारी माझा पासपोर्ट बघत बसला.
फोटो, मी, पुन्हा फोटो.
उजवी भुवई अर्ध्यावर जळून संपलेली,
कोपरापर्यंत लाल चट्टे,
कोटाला धुराचा वास.
त्यांच्या भाषेत पावाला पुरी म्हणतात.
त्यानं स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं,
हसू दाबत विचारलं, पुरी?

नाही हो, मी मराठीतच म्हणालो.
अर्धीच.

त्यानं शिक्का मारला.
थप.