सोंड

पार्सल एसटीतून आलं, कंडक्टरच्या सीटखाली,
सुतळीनं आवळलेलं.
आत काळ्या प्लास्टिकचं वाकडं नाळकं,
हत्तीचं पिल्लू सोंड विसरून गेल्यासारखं.

किनाके मिस्त्रीनं ते हातात फिरवलं,
एका टोकाला डोळा लावून मला पाहिलं.
"हे तुह्या गाडीचं नोहे," म्हणाला.
"पन बसवू."

पारवा फाटा, दुपार, लिंबाची ठिगळासारखी सावली.
इंडिकाचं बॉनेट उघडून आम्ही दोघं वाकलेलो.
जुनी नळी इंजिनाशेजारचीच हवा ओढायची,
भर चैत्रात कढत पाणी पीत राहावं तशी.
फिल्टर आपटला तर
जिनिंगच्या रस्त्यावरची रुई, तुरीचा कोंडा,
आणि पळसाची एक पाकळी,
वाळून पार कागद झालेली.
"काय काय खाल्लं बे हिनं!"

नव्याची दोन भोकं जुळली,
तिसरं बोटभर अलीकडे.
त्यानं आक्साचं पातं रुखमाबाईच्या स्टोव्हवर लाल केलं.
प्लास्टिकचा धूर उठला.
"माह्या दुधाले वास लागला नं बाप्पा!"
तो ऐकतच नव्हता.
सायकलच्या ट्यूबची पट्टी सांध्याला गुंडाळली,
दहाचा पाना माझ्या हातात दिला,
मी फिरवलेला पाहून
परत काढून घेतला.

नळीचं तोंड आता जाळीमागं आलं,
हेडलाइटच्या कडेला, जिथं वारा शिरतो.
त्यानं तिथं तळहात धरला.
"चालू कर. रेस दे. आनखी."
हात जरा ओढला गेला,
किंवा त्याला तसं वाटलं असेल.
तान्हं पोर बोट चोखू लागलं
की कोणी हात काढत नाही;
तसाच धरून राहिला.

उमरीच्या चढावर मी तिसऱ्या गिअरात होतो.
तिथं मी नेहमी तिसऱ्यातच असतो.

"पडला का फरक?"
"पडला."
"साडेतीनशे दे. आन् खोटं नोको बोलू.
आवाज तेवढा बदलला."

रात्री घराच्या वळणावर
आमचा भुऱ्या, जो नऊ वर्षं
गाडी नाल्यापलीकडे असतानाच शेपूट आपटत उठतो,
फाटकात पाय रोवून माझ्यावर भुंकला.
मग पुढचं चाक हुंगलं
आणि चुकल्यासारखा दुसरीकडे पाहू लागला.

आतून ती म्हणाली, "कोन हाय?"

मी उत्तर दिलं नाही.
पुन्हा एकदा रेस दिली.