वारा प्यालेलं वासरू

आई मला म्हणायची, वारा प्यालेलं वासरू.
तेव्हा ते नुसतं म्हणणं होतं.
आता त्रेसष्टाव्या वर्षी, अँटॉप हिलला, दुसऱ्या मजल्यावर
मी खरोखरच रात्रभर वारा पितो.

नाकावर मास्क, डोक्यामागून पट्टे,
उशाशी जेवणाच्या डब्याएवढं मशीन.
घोरणं थांबलं. भिंतीपलीकडच्या कुडाळकरांनी पेढे मागितले.
झोपेत श्वास अडायचा, तेही थांबलं.
पण पहाटे चारला पोट असं तट्ट
की लेंग्याची नाडी सोडून मी खिडकीत उभा,
समोर मोनोरेलचे खांब, त्यांच्यावर कोणी नाही,
आणि ढेकर. एकामागून एक.
तिसऱ्याला खालचं कुत्रं उठलं,
आठव्याला हेमलता.
"एवढं काय जेवलात?"
काही नाही गं. हवा.

वडाळा डेपोत एकतीस वर्षं टायर सेक्शनला होतो.
टायरवर हातोडी मारायची आणि ऐकायचं.
गेज नंतर, आधी कान.
आता पोटावर टिचकी मारतो:
टण्ण.
जास्त भरलीय.

लोकांच्या डोक्यात हवा जाते,
माझी चुकून खाली उतरली.
डॉक्टर बहुलकरांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं:
गळ्याशी दोन फाटे, एक फुफ्फुसांचा, एक पोटाचा.
आणि हवेला बोर्ड वाचता येत नाही.
"दाब मीच कमी करू का? बटण सापडलंय मला."
चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या,
"डेपोत ड्रायव्हर स्वतः इंजिन उघडायचा का?"

मग त्यांनीच चौदाचा अकरा केला,
श्वास सोडताना दाब जरा ढिला पडेल असं काहीतरी केलं.
डाव्या कुशीवर झोपा. साडेसातला जेवा. सोडा बंद.
खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या,
त्या मुलाने गच्चीवरून आणल्या, कोणाच्या ते विचारलं नाही.
ओवा हेमलताचा. तो डॉक्टरांना सांगितलेला नाही.

राहिला हनुवटीचा पट्टा, तोंड मिटून राहावं म्हणून.
पहिल्या रात्री तिने बांधला
आणि बांधता बांधता तिचा हात थांबला.
तिच्या दादांचं तोंड असंच बांधलं होतं,
कापडाने, सायनच्या वॉर्डात, मीच धरलं होतं डोकं.
ती काही बोलली नाही.
पट्टा एक घर सैल केला,
आणि दिवा मालवायचा सोडून
माझ्या अंगठ्याचं नख कापायला बसली, रात्री अकराला,
जे तिच्या माहेरी कधी चालायचं नाही.

काल तीनच ढेकर.
ती उठली नाही.
कित्येक वर्षं ही बाई जागी राहून
माझे अडलेले श्वास मोजायची,
विसाच्या वर गेलं की कोपराने ढोसायची.
काल मी मास्क काढून बसलो खाटेच्या कडेला.
तोंड उघडं, एक हात विटांकडे लोंबता,
बारीकशी घोरत होती ती.

सांगणार नाही तिला.
नाडी बांधली, पुन्हा मास्क चढवला,
आणि डाव्या कुशीवर वळलो.
तिच्याकडे पाठ होते त्या कुशीवर, एवढंच.