उरात

सिस्टर नेनिताची शीर सापडत नाही.
मे महिना, सकाळचे साडेसात,
काटोल रोडच्या रुग्णाश्रमातला कूलर
टाकीत पाणी नाही म्हणून नुसता घरघरतोय.
मी दंडाला रबर बांधतो, दोन बोटांनी टिचक्या मारतो.
ती म्हणते, "उरात."
मला वाटतं छातीत दुखतंय,
सुई ट्रेमध्ये टाकून ओरडतो, क्रिसांता सिस्टर!

ती हात पुसत येते, ऐकते, हसत सुटते.
"उरात म्हणजे शीर रे, तिच्या इलोकानोत.
माझ्या सेबुआनोत उगात."

एकोणीस वर्षं दोघी एका चुलीवर शिजवतात.
एक लुझोनच्या वरच्या टोकाची, तंबाखूच्या शेतातली,
दुसरी खालच्या बेटांतली, मासळीच्या घरची.
आपसात बोलतात ती तिसरीच, मनिलाची,
जसे सीताबर्डीवर दोन मराठी माणसं
संत्र्यांचा भाव हिंदीत करतात
आणि भाव तुटल्यावर एकमेकांचं गाव विचारतात.

तेव्हापासून कुपी भरेस्तोवर मी शब्द मागतो.
रात्र : रबीइ, गबीइ.
झाडाचं मूळ : रामुत, गामोत.
"तिच्या र चा माझ्याकडे ग होतो," क्रिसांता म्हणते,
"नेहमी नाही. पण बघ तू."
बघायचं काय त्यात, बाप्पा,
हे तर आमचं ळ आणि य.
साकोलीच्या शाळेत मी फळ्याला फया म्हटलं
आणि पट्टी बसली तळहातावर,
डोया, काया, जवय, एकेकाला एकेक.
हाही नियमच असतो,
असं तेव्हा कोणी बोललं नाही.

डोळा दोघींकडे माता. दगड बातो. पाच लिमा.
घर दोघींकडे बालाय.
पाणी मात्र हिचं दनूम, तिचं तूबिग.
घर एक, पाणी वेगळं.
सिस्टर, हे वाक्य इथं मोठ्यानं म्हणू नका,
आमच्याकडे त्याचा अर्थ भलताच होतो.

इनित : नेनिताकडे सूर्य, क्रिसांताकडे गरम.
दोघी खिडकीतून सत्तेचाळीस अंशांचं नागपूर बघतात
आणि म्हणतात, जाऊ दे, एकच आहे.

बायबाय : हिचा समुद्र, तिचा किनारा.
"म्हणजे तू बुडशील तिथं मी वाळूत उभी,"
क्रिसांता म्हणते.
नेनिता हसत नाही.
तिच्या क्रिएटिनिनचा आकडा तिला ठाऊक आहे.
कागद मीच आणून देतो.

"तुझ्या घरी पाण्याला काय म्हणतात?"
पाणी.
"ते सगळ्यांच्या घरी. तुझ्या?"
खिशावरच्या पट्टीवर माझं आडनाव आहे, उईके.
ती त्याच्याकडे बघत राहते,
सुई आत असताना मला हलता येत नाही.
बाबा गोंडीत फक्त बैलांशी बोलायचे,
आणि एकदा तापात.
"येर," मी म्हणतो.
एक्केचाळीस वर्षांच्या तोंडातून
पहिल्यांदा निघालेला शब्द, जरा वाकडाच.
ती तो दोनदा म्हणून बघते. माझ्यापेक्षा बरा म्हणते.

काल रात्री फोन आला म्हणून गेलो.
हिंदी गेली होती, इंग्रजी गेली होती,
मनिलाची भाषाही उतरली होती अंगावरून.
"दनूम," नेनिता म्हणाली,
आणि जिचं पाणी जन्मभर तूबिग होतं ती उठली,
डॉक्टरांनी मोजून दिलेलं अर्धा पेला पाणी
चमच्याने पाजू लागली.
मग नेनिता काहीतरी लांबलचक बोलली.
"वेन," क्रिसांता म्हणाली. "वेन, वेन."

काय म्हणाल्या?
"मला नाही समजलं."
मग तुम्ही?
"हो म्हटलं."

मी दुसरा हात उलटा केला,
अंगठ्याने चाचपत राहिलो.