बाटलीतलं काहीच नाही

पाचला परमिट मिळालं, आठला परत करायचं.
आठनंतर हिंगण्यात घरोघर कूलर लागतात,
मग फोन.

ट्रॉली ओढून काढली. निनावेंनी डिस्चार्ज रॉड
तिन्ही फेजना टेकवला, मग पुन्हा टेकवला.
मेली म्हणून कागदावर लिहिलेल्या लाईनवर
त्यांचा भरवसा नाही.

शटरमागे धूळ, वाळून कागद झालेलं पालीचं पिल्लू.
स्प्रिंगवरचं जुनं ग्रीस खरवडलं, मेणासारखं घट्ट.
काउंटरवर दोन हजार एकशे चौदा.
इतक्या वेळा यानं कुणाकडे तरी अंधार केला
आणि कुणाचं तरी घर वाचवलं,
त्याला ठाऊक नाही कुणाचं.

मग तीन बाटल्या. पांढऱ्या, चिनी मातीच्या,
आईच्या लोणच्याच्या बरणीसारख्या,
फक्त यांत काही मुरत नाही.
"आत काय असते, सर?" नवी होते तेव्हा विचारलं होतं.
"काहीच नाही. तेच सांभाळा लागते."

उघडून बघता येत नाही. उघडलं की गेलं.
म्हणून बाहेरून अठ्ठावीस हजार व्होल्ट, एक मिनिट,
आणि आपण घड्याळाकडे पाहत उभं राहायचं.
आर टिकला. वाय टिकला.
बी एकोणीस हजारांवर बसला.
पुन्हा लावला. पुन्हा एकोणीस.

दिसायला तिघी सारख्या.
बीचा रेझिस्टन्स तर सगळ्यांत चांगला, एकतीस मायक्रोओहम.
केसाएवढीही नसेल अशी कुठली तरी फट,
तिच्यातून मे महिन्यातली नागपूरची हवा
आत जाऊन बसलेली.

सहा पन्नास. साहेब फोनवर: लावून टाका, रात्री पाहू.
"आवाज येऊन नाही राहिला साहेब," निनावे म्हणाले
आणि ठेवला.

आठ नंबरचं पॅनल. तारेच्या कारखान्याचा फीडर.
कारखाना बंद, ब्रेकर सहा वर्षं तसाच उभा.
त्याची ट्रॉली काढली, पुसली, अठ्ठावीस हजार लावले.
तिन्ही टिकल्या. रिकाम्याच्या रिकाम्या,
इतकी वर्षं कुणी विचारलं नसताना.
निनावेंचा थोरला भाऊ होता त्या कारखान्यात.
ते एवढंच म्हणाले, "ग्रीस लाव, पाहून काय राहिली."

आठ वाजून सहा मिनिटांनी खटका.
समोरच्या गॅलरीतला कूलर आधी कोरडाच घरघरला,
मग वाळ्याचा वास आला.

रजिस्टरात मी लिहिलं: बी फेज, व्हॅक्यूम गेला.
खाली निनावेंची सही, जरा तिरकी.
उशिराचं कारण,
तो रकाना आम्ही रिकामा सोडला.