आखात

गावात कुणी विचारलं, तर बाबा सांगतात,
"पोरगी आखातात असते."
भूगोलाच्या पुस्तकात आखात म्हणजे
जमिनीत शिरलेलं समुद्राचं पाणी.
आमच्या होफूफमध्ये खजूर, वाळू, वॉर्ड नंबर सहा,
आणि पाणी म्हणाल तर गच्चीवरच्या टाकीचं.
तीन वर्षं झाली.
आखातात राहून आखात पाहिलं नव्हतं.

मार्चमधला शुक्रवार, दोघांची सुट्टी
वर्षातून दुसऱ्यांदा एकाच दिवशी आलेली.
अश्वजितची सायकल भंगारातून उठवलेली,
माझी मारिसेल सिस्टरने मनिलाला परतताना दिलेली,
पुढे टोपली, टोपलीत भाकरी, ठेचा,
आणि उत्पलाची प्लास्टिकची बादली, जिला कडी नव्हती.
अबाया मी वॉर्डातल्या सेफ्टी पिनेने गुडघ्याशी टाचला.
आठवीनंतर सायकलवर बसले नव्हते.
सेलूच्या शाळेचा उतार पायांना आठवला,
मला नंतर.

बागांमधून रस्ता, कडेने पाटाचं पाणी,
सुगत बापाच्या कॅरिअरवर, मोठ्याने
दिव्याचे खांब मोजत, एकशे बारापर्यंत.
मग एक कुत्रं मागे लागलं आणि हिशेब चुकला.

स्टेशनवर गार्ड म्हणाला, सायकल नाही.
हात जोडले, अरबी जोडली, तरी नाही.
पार्किंगच्या सावलीत हाफिज नावाचा पोरगा,
भोल्याचा, बांगलादेशातला, म्हणाला,
"ठेवा, मी इथंच आहे. मी कुठं जाणार?"

गाडी म्हणजे थंडगार डबा, जागा नंबराप्रमाणे,
कुणी कुणाला सरका म्हणत नाही.
बाहेर वाळू. मग वाळू.
मग लांब एक ज्योत, दिवसाढवळ्या पेटलेली.
उत्पला म्हणाली, "कोणी विझवायला विसरलं काय?"
अश्वजित तिथंच काम करतो.
तो खिडकीतून बघत राहिला, बोलला नाही.

आणि दम्माम.
मी मनात केवढ्या लाटा बांधून नेल्या होत्या!
पाणी मात्र नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखं,
काठाशी येतं, विचारतं, परत जातं.
"आई, हा समुद्र आहे की तलाव?"
मला काय माहीत, बाई. मीही पहिल्यांदाच बघतेय.
सुगतने बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं,
"खारट आहे. म्हणजे खरा आहे."

बाबांना व्हिडिओ लावला.
रुळांवर हातोडी ठोकत पस्तीस वर्षं
त्यांनी गाड्या समुद्राकडे पाठवल्या,
स्वतः कधी भुसावळच्या पुढे गेले नाहीत.
फोन पाण्यावर धरला. बराच वेळ
त्यांच्याकडून फक्त पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, "पलीकडला काठ दिसत नाही का गं?"
नाही दिसत, बाबा.
"बरं. मागं सरक. साडी भिजंल."
साडी नव्हतीच अंगावर. तरी मी सरकले.

भाकरीत वाळू आली. खाल्ली.
एका सौदी आजीने न विचारता
पोरांच्या मुठीत खजूर कोंबले आणि
उत्पलाच्या वेणीकडे बघून काहीतरी म्हणाली.
मला त्यातलं "माशाल्ला" तेवढं कळलं.

परतताना अंधार. हाफिज तिथंच.
दोन्ही सीटवर पुठ्ठे बांधलेले.
"दुपारी तापतात ना," म्हणाला, "बसलं की भाजतं."
पैसे घेईना.
उत्पलाने बादली चाचपली आणि
सगळ्यांत मोठा शिंपला त्याला दिला.
भोल्याचा पोरगा, चहूबाजूंनी पाण्यात वाढलेला,
त्याने तो नव्यानेच पाहिल्यासारखा कानाला लावला,
डोळे मिटले,
आणि आम्ही चौघं थांबलो,
तो काय ऐकतोय ते ऐकत.

मग अश्वजित म्हणाला, चला,
उद्या माझी सकाळची शिफ्ट आहे.
पुठ्ठा मी टोपलीत ठेवला.
अजून आहे. मागे लिहिलंय: कांदे, दहा किलो.